शहराचं मत आणि शहराची तिजोरी

सॅलिनस हे कॅलिफोर्नियातलं शेतमालाचं शहर. आजूबाजूच्या खोऱ्यात लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीची शेतं, आणि कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांचं हे जन्मगाव. इथल्या काही नागरिकांनी सह्यांची मोहीम चालवली. वीज, टेलिफोन अशा सेवांच्या बिलांवर शहर घेत असलेला कर रद्द करा, ही त्यांची मागणी. सह्या पुरेशा भरल्या, प्रस्तावाला ‘मेझर ओ’ असं नाव मिळालं आणि नोव्हेंबर 2002 च्या मतपत्रिकेवर तो मतदारांसमोर आला.

शहराच्या उत्पन्नात या कराचा वाटा मोठा होता. तो गेला तर कोणत्या सेवा बंद कराव्या लागतील याची यादी प्रशासनाने तयार केली. नगर परिषदेने जाहीर सभेत ती मान्य केली. मग ही माहिती शहराच्या संकेतस्थळावर आली, ग्रंथालयात तिची पत्रकं ठेवली गेली आणि घरोघर जाणाऱ्या शहराच्या वार्तापत्रातही ती छापून आली. कर रद्द करू पाहणाऱ्यांना हा सरळ प्रचार वाटला, आणि तोही त्यांनीच भरलेल्या करातून. ते न्यायालयात गेले. मेझर ओ मतदानात पडला, खटला मात्र चालत राहिला. 2009 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला.

लोकांनी निवडून दिलेल्या नगर परिषदेने लोकांच्याच मतदानावर भूमिका घ्यावी का, आणि घेतली तर ती कुठवर न्यावी, या प्रश्नाचा इतका कसून विचार फार थोड्या ठिकाणी झाला आहे. कॅलिफोर्नियात तो होणं स्वाभाविक होतं. 1911 साली, गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या काळात, या राज्याने नागरिकांना सह्या गोळा करून थेट कायदा मतदानाला टाकण्याचा अधिकार दिला. तेव्हापासून कर, घरभाडं, शिक्षा, पाणी, शाळा अशा असंख्य गोष्टी तिथे मतपत्रिकेवर ठरत आल्या आहेत. राज्याच्या प्रस्तावाला ‘प्रपोझिशन’ म्हणतात आणि त्याला क्रमांक असतो. शहराच्या किंवा परगण्याच्या प्रस्तावाला सहसा ‘मेझर’ म्हणतात, त्याला अक्षर मिळतं. यातले अनेक प्रस्ताव कुठल्या ना कुठल्या शहराच्या पैशाला किंवा अधिकाराला हात घालतात. शहर गप्प बसेल तर कसं?

पाया घातला गेला तो 1976 च्या स्टॅन्सन विरुद्ध मॉट या खटल्यात. जून 1974 मध्ये उद्यानांसाठीच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव राज्यभर मतदानाला होता. राज्याच्या उद्यान विभागाच्या संचालकांनी विभागाचा पैसा त्या प्रस्तावाच्या बाजूने वापरला, अशी तक्रार एका करदात्याने केली. न्यायमूर्ती मॅथ्यू टोब्रिनर यांनी निकालपत्रात जी रेषा आखली ती आजही टिकून आहे. सरकारी यंत्रणेने मतदारांना निःपक्षपाती माहिती द्यावी, मात्र एका बाजूने मत द्या असं सांगण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्चू नये. पोस्टर, स्टिकर, दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती हे सगळं रेषेच्या पलीकडे गेलं. यामागचा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. निवडणुकीत मतदार मालक असतो आणि सत्तेवर बसलेला त्याचा सेवक. मालक कौल देत असताना सेवकाने मालकाच्याच पेटीतला पैसा काढून त्याचं मन वळवायला लागावं, हे चालू दिलं तर सत्तेवरच्यांना आपली सत्ता कायम ठेवण्याचं साधनच हाती येईल.

प्रचार आणि माहिती यांच्या मधली जागा मात्र निसरडी आहे, आणि सॅलिनसचा निकाल त्या जागेविषयी आहे. ‘होय म्हणा’ किंवा ‘नाही म्हणा’ असे शब्द आले नाहीत म्हणून मजकूर निःपक्षपाती ठरत नाही. त्याची शैली, त्याचा सूर आणि तो कधी वाटला गेला, हे तिन्ही पाहायचं असं न्यायालयाने सांगितलं. शहराचं वार्तापत्र एरवीही निघत असेल, त्यातली भाषा शांत असेल, कपातीची यादी परिषदेने खरोखर संमत केलेली असेल, तर ती माहिती. निवडणुकीच्या तोंडावर खास काढलेलं, भडक मथळ्यांचं पत्रक असेल, तर एकही शब्द आज्ञार्थी नसला तरी तो प्रचार. माझ्या मते या सगळ्यात निर्णायक कसोटी परिषदेच्या संमतीची आहे. ज्या कपातीवर नगरसेवकांनी नाव नोंदवून हात वर केला आहे ती कपात लोकांना सांगणं हे कर्तव्य आहे. मतदारांना घाबरवण्यासाठी तयार केलेली यादी कुणीच संमत केलेली नसते.

आणि सॅलिनसची ही भीती पोकळ नव्हती, हे पुढच्या दोन वर्षांत दिसलं. नोव्हेंबर 2004 मध्ये शहराचे करवाढीचे प्रस्ताव मतदारांनी फेटाळले. पैसा उरला नाही. शहराने आपली तिन्ही ग्रंथालयं बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यातलं एक स्टाइनबेक यांच्या नावाचं, एक शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांच्या नावाचं. देशभर बातम्या झाल्या, देणग्या आल्या, दारं किलकिली उघडी राहिली. नोव्हेंबर 2005 मध्ये ‘मेझर व्ही’ हा विक्रीकर मतदारांनी मंजूर केला आणि ग्रंथालयं वाचली. कोणत्या मताची काय किंमत आहे हे लोकांना आधी कळलं पाहिजे, आणि ते सांगण्याइतकी नेमकी माहिती अनेकदा फक्त नगर परिषदेकडेच असते.

शहर बोलू शकतं ते तीन-चार मार्गांनी. परिषद जाहीर सभेत, विषयपत्रिकेवर विषय घेऊन, लोकांचं म्हणणं ऐकून पाठिंब्याचा किंवा विरोधाचा ठराव करू शकते. राज्याच्या ब्राउन कायद्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते, आणि विषयावर बोलण्याचा हक्क कुठल्याही नागरिकाला असतो. नागरिकांनी सह्या करून आणलेला प्रस्ताव असेल तर परिषद त्याच्या परिणामांचा अहवाल मागवू शकते. तो 30 दिवसांत यावा लागतो. शहराच्या मेझरसाठी मतदारांच्या पुस्तिकेत बाजूने किंवा विरोधात 300 शब्दांपर्यंतचं निवेदन परिषदेला लिहिता येतं, आणि शहराचे वकील 500 शब्दांपर्यंतचं तटस्थ विश्लेषण देतात. नगरसेवक स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या पैशाने हवा तितका प्रचार करायला मोकळे असतात. शहराचा ईमेल, कर्मचारी आणि कागद यांना मात्र हात लावायचा नाही. 2000 साली हे स्थानिक संस्थांसाठी लेखी कायद्यातच आलं.

यात एक दार असं आहे की ज्यातून पक्षपात सहज आत येतो, आणि त्याकडे लोकांचं लक्ष सर्वांत कमी जातं. ते म्हणजे मतपत्रिकेवरचा प्रश्न. शहराने स्वतः मांडलेल्या मेझरचा मजकूर 75 शब्दांत बसवावा लागतो आणि तो परिषदच ठरवते. बहुतेक मतदार पुस्तिका उघडत नाहीत. मतदानकक्षात ते वाचतात ते हे 75 शब्द. 2012 मध्ये सॅन होझेच्या परिषदेने कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनात बदल सुचवणारा ‘मेझर बी’ मांडला. प्रश्नाची सुरुवातच पोलिसांची गस्त, अग्निशमन केंद्रं, ग्रंथालयं अशा अत्यावश्यक सेवांचं रक्षण करण्यासाठी, अशी होती. अपील न्यायालयाने ती सुरुवात टिकू दिली नाही. प्रस्ताव परिषदेचा असला तरी मतपत्रिका परिषदेची नाही, हा त्या निकालाचा गाभा. वार्तापत्रावर सात वर्षं वाद चालला; खरं तर मतपत्रिकेवरच्या एका वाक्यांशात त्याहून मोठी ताकद आहे, आणि नागरिकांनी पहिली नजर तिथेच टाकावी.

विधेयकांची गोष्ट वेगळी आहे. सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात किंवा वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये एखादं विधेयक असेल, तर शहर सार्वजनिक पैशातूनही आपली बाजू मांडू शकतं, प्रतिनिधी पाठवू शकतं, पगारी लॉबिस्ट नेमू शकतं. मतदारांपुढे जे निषिद्ध ते आमदारांपुढे चालतं, हा विरोधाभास वाटेल. स्टॅन्सन खटल्याच्या निकालपत्रातच त्याचं उत्तर आहे: विधिमंडळात सर्व बाजूंना आपलं म्हणणं मांडायची संधी असते, आणि तिथे शहर हे अनेक म्हणणी मांडणाऱ्यांपैकी एक असतं.

लॉस एंजलिसची पद्धत या बाबतीत सर्वांत शिस्तशीर आहे. तिथे 15 नगरसेवक आहेत. कुठल्याही सरकारपुढच्या कायद्याविषयी, नियमाविषयी किंवा धोरणाविषयी शहराची अधिकृत भूमिका ठरायची असेल, तर परिषदेने तसा ठराव केला पाहिजे आणि महापौरांनी त्याला सहमती दिली पाहिजे. अशा प्रत्येक ठरावाच्या सुरुवातीलाच हा नियम लिहिलेला असतो. एक नगरसेवक ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, आणि तो समितीकडे जातो. मुख्य विधिविषयक विश्लेषकांचं कार्यालय त्यावर अहवाल तयार करतं: विधेयक काय आहे, आधीचा कायदा काय होता, शहरावर काय परिणाम होईल, आणि शहराने कोणती भूमिका घ्यावी. मग परिषदेत मतदान. संमत झालेली भूमिका शहराच्या विधिविषयक कार्यक्रमात समाविष्ट होते, आणि शहराचे प्रतिनिधी तिच्या आधारे बोलतात. महापौर एक बोलतात, नगरसेवक दुसरं बोलतो आणि दोघेही ‘शहराचं मत’ म्हणतात, हा गोंधळ यामुळे टळतो.

या यंत्रणेतून काय निघतं हे घरबांधणीच्या तीन विधेयकांवरून दिसतं. तिन्ही सिनेटर स्कॉट वीनर यांची. पहिलं, सिनेट बिल म्हणजे एसबी 827, 2018 चं: रेल्वे आणि वर्दळीच्या बसमार्गांजवळ शहराच्या आराखड्याला बाजूला सारून उंच इमारतींना परवानगी द्यायची. लॉस एंजलिसच्या परिषदेने एकमताने विरोध केला. विधेयक समितीतच संपलं. दुसरं, एसबी 50. एप्रिल 2019 मध्ये 12 विरुद्ध 0 मतांनी विरोध. जानेवारी 2020 मध्ये तेही सिनेटमध्ये पडलं. तिसरं, एसबी 79. ऑगस्ट 2025 मध्ये परिषदेने पुन्हा विरोध केला, पण या वेळी 8 विरुद्ध 5 मतांनी. विधिमंडळाने विधेयक मंजूर केलं आणि 10 ऑक्टोबरला गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर सही केली.

मला या तीन मतदानांमध्ये त्या शहराच्या सात वर्षांचा इतिहास दिसतो. 2018 मध्ये स्वतःच्या जमिनीवरचा अधिकार सोडायचा नाही यावर सगळे नगरसेवक एक होते. 2025 पर्यंत घरांची टंचाई आणि भाडी इतकी बिकट झाली होती की पाच जणांनी, आपल्याच शहराचे अधिकार कमी करणाऱ्या विधेयकाच्या विरोधात जायला नकार दिला. आमदारांना एकमुखी ठरावापेक्षा ही दुभंगलेली मतं जास्त सांगून जातात. म्हणूनच नाव घेऊन, नोंद करून झालेलं मतदान मोलाचं आहे. संमतिसूचीत घातलेला, चर्चेविना हातासरशी निघून गेलेला ठराव कुणाचं मत सांगतो, हे सांगता येत नाही.

राज्यातली सुमारे 480 शहरं एकेकटी बोलत नाहीत. 1898 मध्ये स्थापन झालेली लीग ऑफ कॅलिफोर्निया सिटीज त्यांच्या वतीने बोलते, आणि महत्त्वाच्या विषयांवर ठरावाचा आणि पत्राचा तयार मसुदाही पुरवते. 2024 च्या मतपत्रिकेसाठी उद्योगसंघटनांच्या पाठबळाने आलेला एक प्रस्ताव राज्य आणि स्थानिक करांसाठी मतदारांच्या मंजुरीच्या अटी फार कडक करणारा होता, आणि 1 जानेवारी 2022 पासूनच्या करांनाही तो लागू होणार होता. कित्येक शहरांनी त्याला विरोधाचे ठराव केले. जून 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मतपत्रिकेवरूनच काढला. राज्यघटनेत इतका मूलभूत बदल सह्यांच्या मार्गाने करता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. शहरांचा विरोध रास्त होता असं मला वाटतं. पण तयार मसुद्यात आपल्या शहराचं नाव भरून केलेल्या ठरावात आपल्या शहराचा हिशेब नसतो. आपल्या अंदाजपत्रकातला कोणता रस्ता, कोणतं अग्निशमन केंद्र यात अडकलं आहे, हे ज्या परिषदेने लिहिलं तिचाच ठराव नागरिकाच्या उपयोगाचा.

वॉशिंग्टन राज्यात कायदा याहून एक पाऊल पुढे आहे. तिथे सार्वजनिक कार्यालयं आणि साधनं मतदानाच्या प्रचाराला वापरायला बंदी आहे, पण परिषदेला जाहीर सभेत प्रस्तावाच्या बाजूने किंवा विरोधात ठराव करता येतो. अट अशी की सभेच्या सूचनेत प्रस्तावाचं शीर्षक आणि क्रमांक हवा, आणि विरुद्ध मताच्या सदस्यांना व नागरिकांना बोलायला साधारण सारखीच संधी मिळाली पाहिजे. मी पाहिलेल्या सगळ्या नियमांमध्ये हा मला सर्वांत न्याय्य वाटतो. परिषदेला मत असू दे. त्या मताच्या विरोधात असलेल्या माणसालाही त्याच सभागृहात, तेवढाच वेळ.

याच राज्यातल्या सिएटलच्या परिषदेने मराठी वाचकांच्या ओळखीचे दोन विषय हाताळले. फेब्रुवारी 2020 मध्ये तिने भारताच्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध ठराव केला. तीन वर्षांनी, 21 फेब्रुवारी 2023 रोजी, 6 विरुद्ध 1 मतांनी जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. दोन्हींच्या मागे पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या नगरसेविका क्षमा सावंत होत्या. पण ही दोन कामं एका जातीची नाहीत. पहिलं मतप्रदर्शन होतं. त्याने सिएटलच्या कुणाही रहिवाशाच्या हक्कात बदल झाला नाही. दुसरा कायदा होता. नोकरी, घर, सार्वजनिक जागा यांत जातीवरून डावललेल्या माणसाला त्याने तक्रारीची वाट दिली. त्याच वर्षी फ्रेस्नो शहराने तसाच कायदा केला, कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही एसबी 403 मंजूर केलं, आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर नकाराधिकार वापरला.

दूरच्या देशांवरचे ठराव नेहमीच वादाचे. शिकागोच्या परिषदेत 31 जानेवारी 2024 रोजी गाझातल्या युद्धविरामाच्या ठरावावर मतं समसमान पडली आणि महापौर ब्रँडन जॉन्सन यांच्या मताने तो 24 विरुद्ध 23 असा संमत झाला. शहराला परराष्ट्र धोरण नसतं, हा आक्षेप कायद्याच्या दृष्टीने खरा आहे; म्यानमारशी व्यापार करणाऱ्या कंपन्यांवरचा मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली रद्दच केला. पण तो कायदा होता. नुसता मताचा ठराव करायला बंदी नाही, आणि ज्या शहरातल्या हजारो घरांतून त्या देशाशी रोज बोलणं होतं त्या शहराने अवाक्षर काढू नये असं मला म्हणवत नाही. फक्त अशा ठरावाचं वजन किती आहे, ते प्रामाणिकपणे सांगावं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेने म्हणजे पर्यवेक्षक मंडळाने सप्टेंबर 2019 मध्ये बंदूकधारकांच्या नॅशनल रायफल असोसिएशनला देशांतर्गत दहशतवादी संघटना म्हटलं. संघटना न्यायालयात गेली, आणि महापौर लंडन ब्रीड यांना लेखी स्पष्ट करावं लागलं की अशा ठरावाने शहराच्या कंत्राटांच्या धोरणात काहीही बदल होत नाही.

आपल्याकडे मतपत्रिकेवर विषय ठरवण्याचे प्रसंग थोडे, पण आहेत. गावात किंवा शहराच्या वॉर्डात दारूचं दुकान राहावं की जावं यावर महाराष्ट्रातल्या बायका उभी बाटली की आडवी बाटली असं मतदान करतात. 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची आणि यादीतल्या निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीला मत द्यायचं. आणि 16 जानेवारी 1967 चा गोव्याचा जनमत कौल: महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश. सत्तेवरचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उघडपणे विलीनीकरणाचा. सरकार त्याच्याच हातात असताना कौल निष्पक्ष कसा होईल, हा विरोधकांचा सवाल, आणि डिसेंबर 1966 मध्ये दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. 1,72,191 मतं केंद्रशासित प्रदेशाला पडली, 1,38,170 विलीनीकरणाला. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने पक्ष आणि तिजोरी यांच्यामध्ये रेषा आखण्याच्या दहा वर्षं आधी, गोव्यात ती रेषा एका सरकारने खुर्ची सोडून आखली होती.

विधेयकांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रातली शहरं जवळजवळ मुकी आहेत, आणि याचं मला मनापासून दुःख आहे. मुंबईच्या महापालिकेत नगरसेवक ठरावाची सूचना मांडतो, सभागृह ती संमत करतं, आणि ती आयुक्तांकडे अभिप्रायासाठी जाते. राज्याकडे गेलेल्या ठरावाचं पुढे काय झालं, हे नागरिकाला क्वचितच कळतं. प्रभाग एका सदस्याचा, तिघांचा की चौघांचा, नगराध्यक्ष थेट जनतेतून की नगरसेवकांमधून, हे नियम 2016 नंतर पुन्हा पुन्हा उलटसुलट झाले, आणि प्रत्येक वेळी निर्णय राज्य सरकारचा होता. मार्च 2022 पासून मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांत सभागृहच नव्हतं. जानेवारी 2026 मध्ये मतदान होईपर्यंत प्रशासकच ठराव मांडत आणि प्रशासकच संमत करत.

सॅक्रामेंटोत विधेयक समितीपुढे येतं तेव्हा कर्मचाऱ्यांनी लिहिलेल्या विश्लेषणाच्या शेवटी पाठिंबा देणाऱ्यांची आणि विरोध करणाऱ्यांची नावं छापलेली असतात. एसबी 9 या 2021 च्या घरबांधणी विधेयकाला विरोध करणाऱ्या शहरांची यादी लांबलचक होती. विधेयक तरीही कायदा झालं, पण कोणत्या शहराने काय म्हटलं हे आजही कुणालाही वाचता येतं. महापालिकांच्या रचनेला, करांना किंवा निवडणुकीला हात लावणारं विधेयक मुंबईत किंवा नागपुरात विधानसभेपुढे येईल तेव्हा त्याच्या प्रतीला अशीच एक यादी जोडायला घटनादुरुस्ती लागत नाही. आता सभागृहं पुन्हा भरली आहेत. ठरावाची पहिली सूचना अशा यादीसाठीच यावी.